सरावात चेंडू लागतो, सामन्यात लागत नाही: १३ वर्षांच्या मुलीचा हरवलेला फॉर्म कुठे शोधायचा

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी १३ वर्षांची, सॉफ्टबॉल खेळते, उजव्या हाताने बॅटिंग करते. गेल्या वर्षी १२ वर्षांखालच्या संघात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर यायची आणि बॅटिंगच्या दहा वेळांत तीनदा तरी हिट (चेंडू मारून बेस गाठणं) मारायची. यंदा वरच्या गटात गेली. सुरुवातीचे सामने बरे गेले, पण नंतरच्या १४ वेळांत एकही हिट नाही. ७ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे चुकलेले किंवा सोडून दिलेले चांगले चेंडू, झाले की आउट), त्यात ४ वेळा तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहिली. ३ वेळा पहिल्या बेसच्या (पिचरकडे बघताना उजव्या) बाजूला मरतुकडे चेंडू, २ वेळा उंच उडून सोपे झेल, आणि २ वेळा सणसणीत मारलेले चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात. सरावात मात्र टी-वरून (चेंडू स्थिर ठेवायच्या उभ्या दांड्यावरून) आणि समोरून हलके टाकलेले चेंडू ती पूर्वीसारखीच तडकवते. वडिलांनी नवी, एक इंच लांब बॅट आणली, आठवड्यातून एकदा वेगळा कोच लावला, घरी रोज १०० चेंडू मारून घेतात. संघाचा कोच म्हणतो हात वर धर, नवा कोच म्हणतो पाय रुंद ठेव, बाबा म्हणतात चेंडूकडे बघ. परवा सामना संपल्यावर गाडीत ती रडली आणि म्हणाली, "मला आता येतच नाही." स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) बदलायचा का, आणि बाप म्हणून मी काय करू, असं त्यांनी विचारलं आहे.

मी २२ वर्षं मुलींना शिकवते आहे, त्याआधी बरीच वर्षं कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने टाकलेला चेंडू झेलणारी, होते. कॅचरची जागा अशी की बॅटरचे पाय आणि पिचरचा हात दोन्ही एकाच नजरेत येतात, म्हणून जे सांगते आहे त्यात पायांचं आणि वेळेचं बोलणं जास्त येईल. मी तुमच्या मुलीचा स्विंग पाहिलेला नाही, हे आधीच सांगते. पण तुम्ही आकडे नीट दिलेत, आणि त्या आकड्यांतून बरंच दिसतं.

स्टान्सचं उत्तर लगेच देते: बदलू नका. निदान अजून तरी नाही. टी-वर जो स्विंग नीट चालतो तो सामन्यात मोडला, तर बिघाड बहुधा स्विंगच्या आधी असतो. चेंडू कधी ओळखला, पाय कधी टेकला, "मारायचं" हे मनाशी कधी ठरलं, इथे. स्टान्स बदलला की बिघाड जिथल्या तिथे राहतो आणि वर एक नवं ओझं येतं. एकदा मी हीच चूक केली. फॉर्म गेलेल्या एका मुलीचे हात हंगामाच्या ऐन मध्यात मी दोन इंच खाली आणायला लावले. तिने माझ्यावर विश्वास ठेवून ते मनापासून केलं, आणि उरलेला हंगाम ती हातांचाच विचार करत उभी राहिली. पुढच्या वर्षी तिचं तिनेच जुनं धरणं परत आणलं आणि खेळायला लागली. तिचे ते तीन महिने मी वाया घालवले, हे मला अजून टोचतं.

आता आधी नशिबाचा हिशोब. दहात तीन हिट मारणारी मुलगी प्रत्येक वेळी रिकामी जाण्याची शक्यता ७० टक्के. सलग ८ वेळा रिकामी जाण्याची शक्यता सुमारे ६ टक्के. ऐकायला कमी वाटते, पण हंगामात ६० वेळा ती बॅटिंगला आली, तर त्यात कुठेतरी सलग ८ रिकाम्या वेळा येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्तच निघते. म्हणजे चांगल्या बॅटरच्याही हंगामात असा एक कोरडा पट्टा येणारच. तिच्यात काही बिघडलेलं नसतानाही येणार. पण १४ जरा जास्त आहेत. १४ सलग रिकाम्या वेळांची शक्यता १ टक्क्याहूनही कमी. म्हणून मी हे सगळं नशिबावर टाकणार नाही. त्यातले २ चेंडू तिने उत्तम मारले होते, ते हिशोबात 'अपयश' म्हणून पडले तरी माझ्या वहीत ते यशच आहेत. उरले १२. ते एकाच दिशेला बोट दाखवतात.

ती उशिरा पोचते आहे.

उजव्या हाताची बॅटर चेंडूपर्यंत उशिरा पोचली की चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला जातो, तोही बॅटच्या मुठीजवळच्या भागाला लागून, म्हणून मरतुकडा. लवकर पोचली की तिसऱ्या बेसच्या बाजूला जातो. चेंडू बॅटला निसटता लागून सरळ मागे जाळीवर गेला, तर वेळ बरोबर होती, बॅट फक्त थोडी खाली होती. तिच्या फाउल (बॅटला लागून रेषेबाहेर गेलेल्या) चेंडूंची दिशा तुम्ही लिहिलेली नाही, पण पुढच्या सामन्यात फक्त तेवढीच बघा. बहुतेक फाउल पहिल्या बेसच्या बाजूला जात असतील तर मला फारशी शंका उरणार नाही. आणि ते दोन सणसणीत फटके आठवा. तेव्हा पिचर कोण होती? त्यांच्यातली हळू टाकणारी होती का, की तो चेंजअप (फसवायला मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) होता? तसं असेल तर उत्तर तुमच्यासमोरच आहे.

यंदा असं का झालं, तेही समजून घ्या, म्हणजे मुलीलाही समजावता येईल. गट बदलला की बऱ्याच स्पर्धांत पिचिंगचं अंतर ४० फुटांवरून ४३ फुटांवर जातं. ऐकून वाटतं की अंतर वाढलं, म्हणजे वेळही जास्त मिळेल. तसं होत नाही, कारण पिचरही मोठी झालेली असते. पिचर चेंडू सोडते तेव्हा ती रबरच्या (जिथून टाकायचं त्या पट्टीच्या) साधारण ६ फूट पुढे आलेली असते असं धरा. गेल्या वर्षीची पिचर ताशी ७० किलोमीटरने टाकत असेल, तर ४० फुटांवरून चेंडू प्लेटपर्यंत (बॅटरच्या समोरच्या पाटीपर्यंत) यायला सुमारे ०.५३ सेकंद लागत होते. यंदाची ताशी ८८ किलोमीटरने टाकत असेल, तर ४३ फुटांवरूनही तो सुमारे ०.४६ सेकंदांत येतो. फरक ०.०७ सेकंदाचा. एवढ्या वेळात हा चेंडू दीड मीटरहून जास्त अंतर कापतो. म्हणजे तुमची मुलगी गेल्या वर्षी जिथे चेंडूला गाठायची, तिथे तिची बॅट यंदा पोचते तेव्हा चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये असतो. मुलगी तीच, स्विंग तोच. फक्त घड्याळ बदललं.

स्विंगला स्वतःला ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात. ०.४६ मधून तेवढे वजा केले की बघायला आणि ठरवायला पाव सेकंद उरतो. त्या पाव सेकंदात डोक्यात "हात वर, पाय रुंद, चेंडूकडे बघ" चाललं असेल, तर चेंडूसाठी जागाच राहत नाही. चार वेळा ती तिसरा स्ट्राइक बघत राहिली, ते धाडस नव्हतं म्हणून नव्हे. ठरवायला लागणारा वेळ तिने ठरवण्याआधीच खर्च केला होता.

यावरून सराव आणि सामना यांच्यातलं कोडंही सुटतं. टी-वरचा चेंडू थांबलेला असतो. तिथे वेळ नावाची गोष्टच नाही. बॅटचा मार्ग, शरीराचं वळणं, यांसाठी टी उत्तम, पण उशीर होत असेल तर टी तो दाखवणारही नाही आणि दुरुस्तही करणार नाही. समोरून हलके टाकलेले चेंडूही तसेच, कारण ते एकाच लयीत येतात. दहाव्या चेंडूपर्यंत शरीर त्या लयीत बसतं आणि मग सगळे चेंडू लागतात. रोजच्या १०० चेंडूंनी तिचं काही वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण जी गोष्ट तिला आधीच येते ती आणखी पक्की झाली, आणि जी येत नाही ती तशीच राहिली. शिवाय रोज घरी "मी करू शकते" आणि शनिवारी मैदानात "मला येत नाही", या दोन्हींमधली दरी तिला स्वतःचाच दोष वाटू लागली. माझ्या मते त्या गाडीतल्या रडण्याचं मूळ हेच आहे.

मात्र उशीर हे निदान नक्की धरण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या, कारण यांतली एखादी असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवावं लागेल.

पहिली गोष्ट डोळे. या वयात नजरेचा नंबर लागणं किंवा वाढणं अगदी नेहमीचं आहे, आणि मुलं सांगत नाहीत कारण त्यांना ते हळूहळू सवयीचं होतं. संध्याकाळच्या सामन्यात जास्त चुकते का? फळ्यावरचं वाचायला डोळे बारीक करते का? एकदा तपासून घ्या. माझ्याकडे अशा दोन मुली आल्या होत्या ज्यांच्या स्विंगवर आम्ही आठवडेच्या आठवडे खपलो आणि उत्तर चष्म्यात निघालं.

दुसरी, दुखणं. उंची झपाट्याने वाढते तेव्हा टाच, गुडघा, मनगट, कंबर, कुठेही दुखू शकतं. मुलगी संघाबाहेर बसावं लागेल म्हणून गप्प राहते. "दुखतंय का?" असं विचारलं तर "नाही" म्हणेल. "कुठे कुठे दुखतं ते दाखव" असं विचारा.

तिसरी, भीती. यंदा तिला चेंडू लागलाय का? हा चेंडू १२ इंच घेराचा आणि जवळपास २०० ग्रॅमपर्यंत वजनाचा असतो, आणि ताशी ८५ किलोमीटरने बरगडीवर आला तर मोठं माणूसही बिचकेल. भीतीची खूण पायात दिसते. पुढचा पाय पिचरकडे न जाता तिसऱ्या बेसकडे, म्हणजे प्लेटपासून लांब सरकतो. तसं दिसलं तर तिला रागावू नका आणि "घाबरू नकोस" असंही म्हणू नका. मी अशा वेळी टेनिसचे किंवा स्पंजचे चेंडू मुद्दाम मुलीच्या अंगावर टाकते आणि वळून पाठ द्यायला, हनुवटी खांद्यात घ्यायला, बॅट खाली आणायला शिकवते. कसं लागून घ्यायचं ते कळलं की अंगाचा निम्मा ताण जातो. बाकीचा हळूहळू जातो.

चौथी, ती नवी बॅट. एक इंच लांब म्हटलंत. वजन किती वाढलं ते लिहिलं नाही. बॅटवर उणे १०, उणे ११ असा आकडा असतो. लांबी इंचांत, वजन औंसांत, त्यांच्यातला तो फरक. ३१ इंच उणे ११ म्हणजे २० औंस, ३२ इंच उणे १० म्हणजे २२ औंस. हातात धरली तर हा फरक जाणवत नाही, पण उशीर होत असलेल्या मुलीला दोन औंस खूप होतात. माझी साधी चाचणी अशी: बॅट खालच्या हाताने मुठीजवळ धरून बाजूला खांद्याच्या उंचीवर सरळ धरायला सांगा आणि वीसपर्यंत मोजा. हात थरथरला किंवा बॅटचं टोक खाली आलं तर ती बॅट अजून तिची नाही. जुनी बॅट असेल तर तीच परत द्या. नवीवर पैसे गेले असतील, ते एका वर्षाने वसूल होतील.

या चारही गोष्टी ठीक निघाल्या, तर मग वेळेचं काम. इथे मी काय करते ते सविस्तर सांगते, कारण खरा उपाय इथेच आहे.

आधी तिचा एक व्हिडिओ घ्या, सामन्यातला, बाजूने, पिचर आणि बॅटर दोघी दिसतील असा. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत ०.०३ सेकंदाचं अंतर. आपल्याला एवढ्यातलाच फरक शोधायचा आहे, त्यामुळे स्लो मोशनवर घ्या. मग फक्त एकच बघा: चेंडू पिचरच्या हातातून सुटतो त्या चित्रात तुमच्या मुलीचा पुढचा पाय कुठे आहे? तोवर तो उचललेला असायला हवा, आणि चेंडू सुटताना किंवा त्याच्या किंचित नंतर टेकायला हवा. चेंडू निम्म्या वाटेवर आला तरी पाय हवेतच असेल, तर तेच दुखणं. हात, कोपर, डोकं, काही बघू नका. आणि हा व्हिडिओ मुलीला रोज दाखवू नका. आधी तुम्ही बघा, कोचला दाखवा, आणि तिला दाखवायचाच असेल तर एकदा, गेल्या वर्षीच्या एखाद्या चांगल्या फटक्याच्या शेजारी ठेवून.

उपाय करताना मी "लवकर मार" असं कधीच सांगत नाही. "लवकर मार" म्हटलं की मुली घाई करतात, खांदा आधीच उघडतो आणि पहिल्या चेंजअपला बॅट हवेत फिरते. मी सांगते, "लवकर निघ, सावकाश जा." पिचरचा हात वर जायला लागला की तू निघ. वजन मागच्या पायावर घे, पुढचा पाय अलगद पुढे टाक. तेव्हा चेंडू सुटलेलाच नसतो, काही ठरवायचंही नसतं, त्यामुळे इथे चूक होण्यासारखं काही नाही. हालचाल आधी सुरू झाली की घाई आपोआप संपते. मोठ्या मुलींनाही हे पहिल्यांदा पटत नाही, कारण त्यांना वाटतं आधी चेंडू बघू, मग हलू. तेवढ्यात उशीर झालेला असतो.

दुसरं काम डोळ्यांचं, आणि ते बॅट न फिरवता होतं. तुमच्या संघातल्या पिचर सराव करतात तेव्हा मुलीला हेल्मेट घालून, बॅट घेऊन प्लेटवर उभी करा. फटका मारायचा नाही. पाय निघू दे, टेकू दे, आणि चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये जाईपर्यंत बघत राहू दे. मग तिने मोठ्याने सांगायचं: स्ट्राइक की बॉल (मारण्याच्या टप्प्याबाहेरचा), आत की बाहेर, आणि जमेल तेव्हा ड्रॉप (खाली पडणारा) होता, राइज (वर चढणारा) होता की चेंजअप. एका वेळी ३० चेंडू, आठवड्यातून दोनदा. पिचर मुलींनाही हे आवडतं कारण त्यांना बॅटर मिळते. दोन आठवड्यांनी मुली स्वतःहून सांगायला लागतात की "ताई, चेंडू हळू येतोय." चेंडू तेवढाच जोरात येत असतो, त्यांनी तो लवकर ओळखायला सुरुवात केलेली असते.

यावर कोणाचा विश्वास बसत नसेल तर जेनी फिंचचं उदाहरण देते. २००४ मध्ये एका प्रदर्शनी सामन्यात अमेरिकेच्या या सॉफ्टबॉल पिचरने अल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलमधल्या कसलेल्या बॅटरला स्ट्राइकआउट केलं. त्याहून वेगाने येणारे चेंडू तो रोज मारत होता. पण त्याचे डोळे खांद्यावरून येणारा हात वाचायला शिकलेले होते, कमरेजवळून सुटणारा चेंडू त्यांनी कधी वाचलाच नव्हता. तेव्हा चपळ नजर जन्मजात मिळते हे अर्धंच खरं. नजर काय बघायला शिकली यावर बरंच ठरतं. तुमच्या मुलीची नजर गेल्या वर्षीच्या पिचर वाचायला शिकलेली आहे. तिला यंदाच्या वाचायला वेळ द्या.

तिसरं, निर्णयाचं. चार वेळा बघत राहिलेल्या स्ट्राइकवरून मला दिसतं की तिच्या मनात प्रत्येक चेंडू "मारू का?" असा येतो. मी मुलींना उलट क्रम शिकवते. चेंडू हातातून सुटल्यापासून मनात "हो, हो, हो" चालू ठेवायचं, आणि चेंडू वाईट दिसला तरच "नको". प्रत्येक चेंडू मारायचाच आहे असं धरून निघायचं, थांबणं हा अपवाद. स्विंग मधेच थांबवता येतो, उशिरा सुरू करून वेळेवर मात्र पोचवता येत नाही. सरावात हे मोठ्याने म्हणायला लावते. सुरुवातीला मुली लाजतात, मग सगळा संघच ओरडायला लागतो आणि सराव मजेत होतो.

आणि बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच समोर ठेवणं. फॉर्म गेलेल्या मुलीच्या सरावाची सुरुवात मी दहा बंटने करते. बंट करताना चेंडू बॅटपर्यंत येताना बघावाच लागतो, त्याशिवाय तो होत नाही. चेंडू बॅटला लागल्याचा हाताला होणारा स्पर्श हेही या दिवसांत औषधच असतं. कोचने सामन्यात एखादा बंट सांगितला तर तो अपमान आहे असं तिला वाटू देऊ नका.

मग त्या रोजच्या १०० चेंडूंचं काय? ते २५ करा. टी-वर १०, आणि उरलेले १५ समोरून, पण टाकणाऱ्याने वेग बदलत राहायचं, एक जोरात, दोन हळू, एक अगदी हळू, क्रम न सांगता. जवळून टाकलेला मध्यम वेगाचा चेंडूही लांबून येणाऱ्या वेगवान चेंडूइतक्याच वेळात पोचतो, त्यामुळे तुम्हाला पिचर व्हायची गरज नाही. जाळीच्या आड बसा, अंतर कमी करत जा. ती चुकायला लागेल इतकं जवळ या आणि तिथेच थांबा. या सरावात ती दहातले चार चेंडू चुकेल. चुकू दे. सगळे चेंडू लागत असतील तर त्यातून तिला नवीन काही मिळत नाही. फक्त तिला आधी सांगून ठेवा की इथे चुकणं अपेक्षित आहे, नाहीतर घरातली तिची हक्काची जागाही जाईल.

आठवड्यातून एक पूर्ण दिवस बॅटला हात लावायचा नाही. हे मी आग्रहाने सांगते.

इथवरचं थोडक्यात असं: आधी डोळे, दुखणं, भीती आणि बॅट तपासा, मग पायाची वेळ बघा, मग नजरेचा सराव वाढवा आणि टी-चा कमी करा. स्टान्सला हात लावू नका.

सल्ले देणाऱ्यांचं जरा अवघड आहे, कारण त्यात माणसं गुंतलेली आहेत. सध्या तिला तीन आवाज ऐकू येतात. पुढचे तीन आठवडे एकच असू दे. तो संघाच्या कोचचा असावा असं मला वाटतं, कारण सामन्यात तिच्या कानावर त्यांचाच आवाज पडणार आहे. नवा कोच कितीही चांगला असला तरी त्यांना काही दिवस थांबायला सांगा, किंवा दोघांना एकमेकांशी बोलू द्या आणि मुलीपर्यंत एकच गोष्ट येऊ द्या. संघाच्या कोचशी बोलताना "तिला खाली का पाठवलं" असं न विचारता "मला वाटतं तिचा पाय उशिरा टेकतो, तुम्ही बघाल का" असं विचारा. बहुतेक कोचना असा पालक हवाच असतो. क्रमवारीत त्यांनी तिला काही दिवस सातव्या-आठव्या क्रमांकावर पाठवलं तर विरोध करू नका. फक्त त्यांनी तिला स्वतः, समोर बसवून कारण सांगावं, एवढी विनंती करा. न सांगता खाली पाठवलेली मुलगी सगळा हंगाम फळ्यावरचं स्वतःचं नाव शोधत राहते. तुमच्या कोचचा स्वभाव कसा आहे यावर यातलं बरंच अवलंबून आहे, आणि तो तुम्हालाच माहीत.

तिला एक वही द्या. त्यात हिटची सरासरी लिहायची नाही. प्रत्येक वेळेनंतर एवढंच: किती चेंडू पाहिले, फाउल कुठे गेले, जोरात लागला का, चार बॉलवर बेस मिळाला का, धावणारी पुढे सरकली का. सात चेंडू खेळून आउट होणं ही माझ्या संघात चांगली वेळ मोजली जाते. थेट हातात गेलेला सणसणीत फटकाही. हिट होणं न होणं निम्मं समोरच्या क्षेत्ररक्षकांच्या हातात असतं, चांगल्या वेळा मात्र बऱ्याच अंशी तिच्या हातात असतात. चौदातल्या चार-पाच वेळा चांगल्या होत्या हे तिला स्वतःच्या अक्षरात दिसलं तर "मला येतच नाही" हे वाक्य तिला तितकंसं खरं वाटणार नाही.

तिला सिडनीची गोष्टही सांगा. २००० च्या ऑलिम्पिकमध्ये सुरुवातीचे सामने जिंकून अमेरिकेच्या महिला संघाचे सलग ११२ विजय झाले होते. मग तो जपान, चीन आणि ऑस्ट्रेलिया यांच्याकडून लागोपाठ तीन सामने हरला. पिचिंग उत्तम होतं, पण बॅट गप्प झाल्या होत्या. आपल्या खेळातल्या त्या काळच्या उत्तम बॅटर त्या संघात होत्या. त्या एका आठवड्यात बॅटिंग विसरल्या नव्हत्या. त्या पराभवांनंतर खेळाडू गणवेशासकट शॉवरखाली उभ्या राहिल्या, लागलेलं अशुभ धुऊन टाकायला. पाण्याने स्विंग सुधारत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ओझं सगळ्यांनी मिळून उतरवलं, आणि सुवर्णपदक घेऊनच त्या परतल्या. माझ्या मुलींना ही गोष्ट फार आवडते.

किती दिवस लागतील? तपासणीत काही निघालं नाही आणि उशीर हेच कारण असेल तर माझ्या अनुभवात तीन ते पाच आठवडे. आणि फॉर्म परत येताना आधी हिट येत नाही. आधी फाउलची दिशा बदलते. पहिल्या बेसकडे जाणारे चेंडू सरळ मागे जाळीवर जायला लागतात. तो दिवस ओळखा, कारण धावफलकावर तो दिसणार नाही आणि तिला तर अजून आउट झाल्याचंच वाईट वाटत असेल. तिला सांगा की आज तू वेळेवर होतीस. मग एखादा मधून जाणारा लाइन ड्राइव्ह (जमिनीला समांतर सणसणीत फटका) येतो. महिना उलटूनही फाउलची दिशा बदलली नाही तर मला परत लिहा, तो व्हिडिओ कसा दिसतो ते सांगा, मग आपण स्विंगकडे बघू.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, बाप म्हणून काय करू. सामन्यानंतर गाडीत बॅटिंगबद्दल काही बोलू नका. चांगलं नाही, वाईट नाही, दुरुस्ती तर नाहीच. तुम्ही तिच्या भल्यासाठीच बोलता, पण त्या वेळी तिला प्रत्येक वाक्य निकालासारखं ऐकू येतं. माझ्याकडच्या मोठ्या मुलींना मी विचारते की लहानपणी काय सर्वांत जड वाटायचं, तर कितीतरी जणी सामना नव्हे, घरी जायचा रस्ता सांगतात. "तुला खेळताना बघायला मला आवडतं" एवढं म्हणा, आणि ते खरं असेल तरच म्हणा. ती रडली तर रडू दे. "मला येतच नाही" म्हणाली तर "असं नाही गं, तुला येतं" म्हणून लगेच खोडू नका, "फार कठीण चाललंय ना सध्या" एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी, ती जेवून-झोपून ताजी झाली की एकच प्रश्न विचारा: "काल कोणता चेंडू तुला सर्वांत स्पष्ट दिसला?" उत्तर काहीही असो, त्यावर सल्ला देऊ नका, फक्त ऐका. पहिल्या आठवड्यात ती खांदे उडवेल. दुसऱ्या आठवड्यात सांगायला लागेल, की तिसऱ्या डावातला तो बाहेरचा चेंडू, बाबा, त्याची शिवण फिरताना दिसली मला.